खंडेनवमीला बसवलेली मेमरी

आमच्या मोशीच्या घरात एक खोटं दोन वर्षं सुखाने नांदत होतं. भोसरीतल्या एका वर्कशॉपची ड्रॉइंग मी काढत होते आणि कागदाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, जिथे काढणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं असतात तिथे, नवऱ्याची अक्षरं टाकत होते. वर्कशॉपचा मालक म्हणजे नवऱ्याचा जुना दोस्त. दोघं पूर्वी एकाच कंपनीत मशीनवर होते. पुढे दोस्ताने स्वतःची मशीनं टाकली आणि नवरा चाकणला मशीन लावून देणारा सेटर म्हणून लागला. पहिलं काम आलं तेव्हा नवरा "घरी करून देतो" एवढंच म्हणाला. घरी कोण करतं हे मालकाने विचारलं नाही, आणि नवऱ्यानेही सांगितलं नाही.

सुरुवातीला ते मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? लातूरला आयटीआयमध्ये मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता, पण लग्नानंतर सात-आठ वर्षं पेन्सिलसुद्धा फक्त किराण्याच्या यादीसाठी धरली होती. चूक झाली तर शिव्या नवरा खाईल, आपण स्वयंपाकघरात सुरक्षित, असा माझा हिशोब होता. मग हळूहळू हात बसला, भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. मालकाचा फोन नवऱ्याला यायचा, नवरा फोन कानाला लावून माझ्या खुर्चीमागे उभा राहायचा.

"तो म्हणतोय, भोक दहाचं पाहिजे."

"त्यांना विचारा, रीमिंग करून गुळगुळीत करायचंय की नुसतं ड्रिल?"

"अगं, मी कसं विचारू? मला माहीत असायला पाहिजे ना ते!"

असा आमचा संसार चालला होता.

नवरात्राच्या आधी मालकाने एक मोठं काम दिलं. आजवर मी कागदावरची जुनी ड्रॉइंग कॉम्प्युटरवर उतरवून देत होते. आता अख्खं फिक्स्चर करायचं होतं. चाकणच्या एका कंपनीला वेल्डिंग करताना ब्रॅकेट जागेवर घट्ट धरून ठेवणारा सांगाडा हवा होता. खाली जाड प्लेट, तिच्यावर पिना, आधार, वरून दाबणारे क्लॅम्प, असे लहानमोठे सव्वाशे भाग. सगळे थ्रीडीमध्ये एकमेकांत बसवून दाखवायचे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चाकणचे साहेब भोसरीत येऊन ते मॉडेल बघणार होते.

मी नवऱ्याला समोर बसवलं आणि म्हणाले, "हे मी वेळेत पूर्ण केलं, तर तुम्ही त्यांना सांगायचं की हे माझं काम आहे. आधीचंही सगळं माझंच आहे."

"आणि न्हाई झालं तर?"

"तर मी हा विषय परत कधी काढणार नाही."

बोलून गेले आणि लगेच पस्तावले. पण शब्द मागे घेणं माझ्या स्वभावात नाही. नवरा "बरं" म्हणाला. मी ते त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं, कारण त्याचं पहिलं "बरं" हे नुसतं विषय संपवण्यासाठी असतं.

अडचण कॉम्प्युटरची होती. चिंचवडच्या एका ऑफिसने जुने काढून टाकले त्यातला हा आमच्याकडे आलेला. साठ-सत्तर भागांपर्यंत तो निमूटपणे काम करायचा, पुढे मात्र पडदा पांढरा पडायचा आणि माऊसचा बाण जागच्या जागी गोठायचा. मेमरी कमी पडत होती. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटाच की. घरात कपाटं कितीही असू देत, ओटा वीतभर असेल तर चार भांडी मांडल्यावर पाचवं ठेवायला जागा राहत नाही. कॉम्प्युटरमध्ये मेमरीच्या पट्ट्या बसवायचे दोन स्लॉट होते. एकात आठ जीबीची पट्टी होती, दुसरा रिकामा. चिंचवड स्टेशनजवळच्या दुकानातून मी तशीच आठची दुसरी पट्टी घेतली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आणून द्या, बसवून देतो." मी म्हणाले, "मी बसवते." हे मी जरा जास्तच ठसक्यात म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या पट्ट्यात हा दिवस लहानमोठ्या सगळ्या कारखान्यांत पाळतात. मशीनं धुऊनपुसून लख्ख करतात, झेंडूच्या माळा घालतात, विजेच्या पॅनेलची दारं उघडून पूजा करतात. घरीही ज्याची जी हत्यारं असतील ती पाटावर येतात. नवऱ्याने त्याचा मापं घ्यायचा व्हर्नियर आणि पान्यांचा संच मांडला. मी शेजारी कॉम्प्युटर ठेवला. नाहीतरी मेमरी बसवायची होती, म्हणून त्याची बाजूची पत्र्याची प्लेट काढून तो आडवा केला होता. नवी पट्टी पाकिटासकट पुढ्यात ठेवली. न पुजता नवी वस्तू वापरायला घ्यायची आमच्यात पद्धत नाही.

आणि मी काही अडाणी नाही. हळदीकुंकवाची बोटं मी फक्त बाहेरच्या पत्र्यावर ओढली, फूलही बाहेरच ठेवलं. नवऱ्याला बजावलंसुद्धा की आत कशाला हात लावायचा नाही. मग दोघांनी नमस्कार केला, अक्षता वाहिल्या, गूळखोबरं खाल्लं.

त्यानंतर मी पट्टी बसवली. एका टोकाची खिट्टी लगेच कट् करून बसली. दुसरं टोक जरा अडलं. अंगठ्याने जोर दिला तशी तीही लागली. नवीन आहे, घट्ट असणारच, असं मी मनात म्हटलं.

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच, आणि आतून पीं पीं पीं असा आवाज सुरू झाला. नवरा पेपरमधून डोकं काढून म्हणाला, "दूधवाल्याचा हॉर्न आहे का?" मी पट्टी काढली, परत बसवली. या वेळी कॉम्प्युटर सुरू झाला आणि त्याने सोळा जीबी मोजून दाखवले. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला हाक मारून तो आकडा दाखवला. तोवर तुकड्यातुकड्याने काढून ठेवलेलं फिक्स्चर एका फाइलमध्ये जोडलं, सव्वाशेच्या सव्वाशे भाग पडद्यावर आले, मी ते गोल फिरवून बघितले. वीस मिनिटांनी पडदा निळा झाला आणि सगळं बंद पडलं.

दुपारपर्यंत हे पाच वेळा झालं. कधी सोळा दिसत, कधी आठच, कधी नुसतीच पींपीं. मी एका जुन्या प्रिंटच्या पाठीवर लिहायला घेतलं, काय बदललं आणि काय झालं. नवी पट्टी काढली, जुनी एकटीच ठेवली. कॉम्प्युटर ठीक. जुनी काढून तिच्या जागी नवी एकटी घातली. तीही ठीक. दोन्ही घातल्या की गोंधळ. म्हणजे दोघींचं आपसात पटत नाही, असं मी ठरवून टाकलं आणि दुकानदाराला फोन लावला.

"होतं असं कधीकधी मॅडम," तो म्हणाला. "दोन वेगळ्या कंपन्यांच्या आहेत ना. दसरा होऊ द्या, मग आणा."

"दसऱ्यानंतर मला त्याचा काय उपयोग? तुम्ही बघून द्यायला नको होती?" मी त्याला आणखीही बरंच काही ऐकवलं. माणूस शांत होता. त्याने मेमरीचा वेग सेटिंगमध्ये जाऊन कमी करून बघायला सांगितलं. मी केला. काही फरक पडला नाही. मग पट्ट्यांचे सोनेरी दात साफ करायचं ठरवलं. तेवढ्यात नवरा त्याच्या पेटीतून पॉलिश पेपर घेऊन आला. "झिरो नंबरचा आहे. दोन हात मारू का?"

"त्या मुलाम्यावर पॉलिश पेपर मारणार? दूर व्हा तिथून!"

मी आमच्या शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं आणि दोन्ही पट्ट्यांचे दात हळूहळू घासून चकचकीत केले. तरी निळा पडदा आलाच.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी मेमरी तपासायचा प्रोग्राम लावला आणि पुऱ्यांची कणीक मळायला घेतली. दर दहा मिनिटांनी पिठाच्या हातांनी येऊन बघत होते. पडद्यावर चुकांचा आकडा वाढत होता. पट्ट्या एकेकट्या तपासल्या तर चुका शून्य. मी चिडून लाटणं आपटलं. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"कशाला जीवाला त्रास करून घ्यायलीस? मी त्याला दोन दिवस मागून घेतो की."

"कोणाच्या नावाने मागणार?"

मला वाईट वाटलं, कारण तो मनापासून म्हणत होता. पण मला माहीत होतं की दोन दिवस मागितले की साहेब परत जातील, काम दुसऱ्या कोणाकडे जाईल आणि आमचं खोटं पुढची दहा वर्षं नांदेल. मी म्हणाले, "मागायचं नाही. मी आज हा बिघाड शोधून काढणार आहे."

जेवणं झाली. श्रीखंड खाऊन नवऱ्याला पेंग आली. मी तो प्रिंटचा कागद समोर घेतला आणि पहिल्यापासून वाचला. जुनी पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये, ठीक. नवी पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये, ठीक. दोन्ही मिळून, बिघाड. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या ध्यानात आलं की दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटी पट्टी मी एकदाही घालून बघितली नव्हती. दोन दिवस मी दोघींच्या भांडणावर बोट ठेवून बसले होते.

जुनी, खात्रीची पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली. पींपीं सुरू. नवी घातली. तीही पींपीं.

मी फिक्स्चर काढणारी बाई. दोन वेगवेगळे जॉब, म्हणजे फिक्स्चरवर चढणारे भाग, एकाच जागी वाकडे बसत असतील तर दोष जॉबचा नसतो, बसायच्या जागेचा असतो, हे मला कोणी सांगायला हवं होतं का? याच फिक्स्चरच्या प्रत्येक आधाराला मी कडेने खोबण दिली होती, वेल्डिंगचा कचरा साठून ब्रॅकेट उचलला जाऊ नये म्हणून. आणि माझ्या स्वतःच्या टेबलावर मी ते बघितलं नाही.

वायर भिंतीतून काढली. खाली वाकून डोळे त्या पट्टीच्या पातळीला आणले. एक टोक दुसऱ्यापेक्षा केसभर वर होतं. पट्टी काढून मोबाइलचा टॉर्च स्लॉटमध्ये मारला. त्या अरुंद फटीच्या तळाशी, अगदी टोकाजवळ, काहीतरी पिवळं चमकलं.

सुई घालायची माझी हिंमत झाली नाही. विझलेल्या उदबत्तीची काडी देव्हाऱ्यातून आणली, तिचं टोक सुरीने तासून बारीक केलं आणि ते पिवळं हलकेच कोरत कोरत वर आणलं. तळहातावर घेतलं तर तांदळाची कणी होती, हळद लावलेली. पाकळीएवढ्या जागेत फसून, माझ्या अंगठ्याखाली दाबून ती चपटी झाली होती. पत्र्यावर हळदीकुंकू लावताना मी एवढी शहाणी, आणि नमस्कार करून झाल्यावर हाताने नेहमीच्या सवयीने चिमूटभर अक्षता थेट उघड्या कॉम्प्युटरवर टाकल्या होत्या. माझ्याच हाताने. अक्षता निवडून अख्ख्या घ्याव्यात, तर मेमरी बसवायच्या घाईत मी त्या निवडल्याही नव्हत्या.

मला आधी हसू आलं, मग रडू आलं. लाज वाटली ती त्या दुकानदाराच्या आठवणीने. सणाच्या दिवशी बिचाऱ्याला मी काय काय बोलले होते. त्याला तिथूनच फोन केला, खरं सांगितलं आणि माफी मागितली. तो म्हणाला, "मॅडम, काल आमच्याकडे पण सगळ्या कॉम्प्युटरवर वाहिल्यात. उद्या बघतो." नवरा जागा झाला, त्याने कणी बघितली आणि उशीत तोंड खुपसून हसत सुटला. "देवीनंच बसविली म्हण की तुझी मेमरी!"

"हसा," मी म्हणाले. "उद्या तुम्हाला बोलायचं आहे."

त्याचं हसू जरा कमी झालं.

स्लॉटमध्ये परत टॉर्च मारून बघितलं, आणखी काही नव्हतं. पट्टी बसवली. या वेळी दोन्ही खिट्ट्या एकाच दमात लागल्या. सोळा जीबी. तपासणीचा प्रोग्राम पूर्ण चालवला, एकही चूक नाही. तोवर चार वाजत आले होते. मी खुर्ची ओढली आणि कामाला बसले. शेजारच्या बायका सोनं द्यायला आल्या, त्यांना नवऱ्याने चहा केला. मी आपट्याची पानं डाव्या हाताने घेतली आणि उजवा हात माऊसवरच ठेवला. बायका काय म्हणाल्या असतील ते म्हणोत. सव्वाशे भाग एका वेळी समोर दिसायला लागल्यावर मला माझ्या तीन चुका दिसल्या, त्यातली एक तर अशी की त्या फिक्स्चरमधून वेल्डिंग झालेला ब्रॅकेट बाहेरच निघाला नसता. त्या दुरुस्त केल्या. रात्री जेवून झोपले, पहाटे परत बसले, आणि सकाळी नऊला फाइल पाठवली. कोपऱ्यातल्या चौकटीत माझी अक्षरं टाकली होती.

नवऱ्याची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, म्हणून तो घरी होता. नऊपासून तो या खोलीतून त्या खोलीत फिरत होता. त्याने मालकाला फोन केला नव्हता. मीही आठवण करून दिली नाही. तीनदा वदवून घेतलं होतं, चौथ्यांदा मागितलं असतं तर त्या सांगण्याला काही किंमत राहिली नसती. पण खरं सांगते, त्या दीड तासात मी त्याच्यावर जेवढी नाराज झाले तेवढी सगळ्या संसारात झाले नसेन.

साडेदहाला त्याचा फोन वाजला. मालक होता. आवाज मोठा, मला खुर्चीत बसून स्पष्ट ऐकू येत होता.

"भाऊ, सायेब समोर बसल्यात. मॉडेल बघून खूश हायेत, पर इचारत्यात की वेल्डिंग झाल्यावर जॉब वर उचलायचा का बाजूनं काढायचा? पटकन सांगा."

नवरा पडद्याकडे बघायला लागला. मी बोट दाखवून सांगू शकले असते. दोन वर्षं तेच करत होते. मी हात मांडीवर ठेवून गप्प बसले.

"भाऊ, मला न्हाई सांगता येणार ते," नवरा म्हणाला.

"म्हंजी?"

"मी काढलंच न्हाई ते. हिनं काढलंय, माझ्या बायकोनं. हेच न्हाई, दोन वर्षांत तुझ्याकडं आलेलं एकूण एक ड्रॉइंग हिनंच काढलंय. मी नुसता फोन उचलायलो होतो. आधीच सांगायला पाहिजे होतं, चुकलं माझं."

पलीकडे ग्राइंडर चालू होता तेवढा ऐकू येत होता. मला वाटलं, आता फोन ठेवणार. नवऱ्याने न विचारता मोबाइल माझ्या हातात दिला.

"नमस्कार भाऊजी," मी म्हणाले. "जॉब बाजूने काढायचा. डावीकडचा क्लॅम्प आधी उघडायचा, मग पिना मागे ओढायच्या."

"वहिनी?" मालक म्हणाला.

"हो."

"समदी तुमीच काढली व्हय?"

"सगळी."

मग मालकाने फोन तोंडापासून लांब धरला असावा, कारण आवाज दुरून आला, पण त्यातला शब्द न् शब्द मला ऐकू आला. "सायेब, फोन स्पीकरवर टाकतो. ज्यांनी ड्रॉइंग काढलंय त्या बोलत्यात. काय इचारायचं ते थेट त्यान्लाच इचारा."

नवऱ्याने माझ्यासाठी पाण्याचा पेला आणून ठेवला. मी एक घोट घेतला, मॉडेल डाव्या बाजूने वळवलं आणि पहिल्या क्लॅम्पपासून सांगायला सुरुवात केली.